चौथी टोपी

चंद्राबाईंनी पाइपच्या टोकाची टोपी दोन्ही हातांनी धरली, डावी-उजवीकडं पिळली आणि ओढून काढली. भसकन लाल गढूळ पाणी बाहेर आलं आणि डाळिंबाच्या ओळीतून वाट काढत बांधापर्यंत गेलं.

“तुझं काम म्हंजे असं बघ, धनाजी,” त्या पदराला हात पुसत म्हणाल्या. “हातानं निघती, आन दाबून बसवली की थेंब गळत न्हाई. मागल्या साली त्या दुसऱ्या फिटरनं चिकटवून ठेवली हुती. कापून काढाय लागली.”

धनाजी हसला. सव्वीस वर्षं तो आटपाडीच्या भवतालच्या गावांत ठिबकचे पाइप जोडत होता, त्यामुळं अशी शाबासकी त्याला नवी नव्हती. पाइपचं पहिलं तोंड सोल्युशन, म्हणजे पाइप चिकटवायचं द्रावण, लावून कायमचं पक्कं करायचं. शेवटच्या तोंडाची टोपी मात्र चिकटवायची नाही, नुसती कोरडी दाबून बसवायची, म्हणजे आठ-पंधरा दिवसांनी ती काढून आत साठलेला गाळ सोडून देता येतो. नव्या पोरांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. धनाजीच्या हाताला काही सांगावं लागत नसे. डोकं दुसरीकडं असलं तरी हात आपलं काम करून मोकळा होई.

हे मनात आलं आणि त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

काल संध्याकाळी त्यानं सिद्धूच्या होडीला दोन पाइप बसवले होते. दोन पाइप म्हणजे चार टोप्या, आणि इथं चारही चिकटवायच्या. पहिल्या पाइपच्या दोन्ही टोप्यांना सोल्युशन लावल्याचं त्याला लख्ख आठवत होतं. दुसऱ्या पाइपच्या एका टोपीला लावलं तेव्हा सिद्धूची बायको हरणाबाई चहा घेऊन आली होती. कप डाव्या हातात होता. चौथी टोपी त्यानं उजव्या हातानं उचलली, पाइपवर ठेवली, तळहातानं दाबली आणि वरून लाकडाच्या ठोकळ्यानं दोन ठोके दिले. ब्रश हातात घेतल्याचं मात्र काही केल्या आठवेना.

“का रं? काय झालं?” चंद्राबाईंनी विचारलं.

“काय न्हाई,” तो म्हणाला.

सिद्धू म्हणजे लहानपणापासूनचा सोबती. दोघांनी एकाच माळावर मेंढरं राखली होती. पुढं धनाजीनं मेंढरं मोडली आणि हातात पाइप कापायची हॅक्सॉ घेतली. सिद्धू मात्र गुडघा जाईपर्यंत कळपामागं हिंडला. ज्या मुलखात टँकरची वाट बघत माणसं म्हातारी झाली, तिथं कालव्यानं कृष्णेचं पाणी आलं. तलाव बारमाही झाला, आणि पन्नाशी उलटलेला सिद्धू मच्छीमार सोसायटीच्या परवान्यावर मासे धरायला लागला. पोहायला येत नव्हतं. येणार कुठनं? ज्या विहिरीत पोहायला शिकायचं, तिच्या तळाला दोन घागरी पाणी.

सुरुवातीची चार वर्षं त्यानं ट्रकच्या ट्यूबमध्ये बसून काढली. मग शिरवळला कंपनीत असलेल्या त्याच्या पोरानं, दिग्विजयनं, कुठल्याशा बंद पडलेल्या बोटिंग क्लबातली एक होडी टेम्पोत घालून आणली. पिवळी, प्लास्टिकची, एका माणसाची. लांबीला दहा फूट आणि रुंदीला जेमतेम बूड टेकण्याएवढी. शहरातली माणसं तिच्यात बसून नुसती वल्ही मारत हिंडतात म्हणे. सिद्धूला तिच्यातून जाळं ओढायचं होतं. एका अंगाला वाकला की होडी कलंडायची. महिन्यात दोनदा तो पाण्यात पडला, आणि दोन्ही वेळा कमरेला बांधलेल्या जुन्या ट्यूबनं त्याला वर ठेवलं.

दिग्विजयनंच फोनवर एक व्हिडिओ पाठवला. होडीच्या दोन्ही अंगांना, दोन-दोन फुटांवर, हवा भरलेल्या बंद नळ्या आडव्या काठ्यांनी जोडलेल्या. होडी कलली की त्या अंगाची नळी पाण्याला टेकते आणि तिला पुढं कलू देत नाही.

“हे तर आपल्या धनाजीचं काम हाय,” सिद्धू म्हणाला होता.

धनाजीनं सहा इंची पाइपचे पाच-पाच फुटांचे दोन तुकडे कापले. आडव्या काठ्या होडीला आवळायला रबराच्या पट्ट्या हव्या होत्या. सिद्धूनं घरातून ती कमरेची ट्यूब आणून त्याच्यापुढं टाकली.

“काप.”

“हिला ऱ्हाऊ दे की रं. दुसरी आणतो.”

“आता कशाला लागती? तुझं काम हाय म्हणल्यावर.”

आणि धनाजीनं ती कापली होती. त्या वेळी त्याला बरं वाटलं होतं. आता चंद्राबाईंच्या बांधावर उभं राहून त्याला तीच कापलेली ट्यूब दिसत होती. सिद्धूच्या कमरेला आज काही नव्हतं.

त्यानं फोन काढला. सिद्धू पाण्यात फोन नेत नसे, म्हणून हरणाबाईंना लावला. तिसऱ्या रिंगला त्यांनी उचलला.

“वैनी, सिद्धू कुठं हाय?”

“गेल्यात की पाण्यात. सात वाजल्यापासनं. लय खुशीत हायेत आज. का वं, भावजी?”

शब्द अगदी ओठाशी आला होता. चौथी टोपी सुटी असंल, त्याला माघारी बोलवा. एवढंच सांगायचं होतं. पण नक्की कुठं माहीत होतं? चिकटवलीही असेल. उगाच बाईचा जीव टांगणीला कशाला लावायचा? अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. खरी गोष्ट निराळी होती, आणि ती त्याला तेव्हाही ठाऊक होती. धनाजीनं जोडलेल्या सांध्याला दुसऱ्यानं हात लावून बघायची गरज नसते, असं पंचवीस गावं म्हणत होती. सव्वीस वर्षांत त्यानं कमावलेलं तेवढंच होतं.

“काय न्हाई,” तो म्हणाला. “सहज केला.”

“येताय का हिकडं? कालवण करती.”

“येतो,” म्हणून त्यानं फोन ठेवला, हत्यारांचं गोणपाट मोटारसायकलला अडकवलं आणि चंद्राबाई काय म्हणतात ते न ऐकता निघाला.

तलाव चौदा किलोमीटरवर. हा रस्ता त्यानं हजार वेळा तुडवला असेल, पण आज तो संपेचना. आयुष्यभर त्यानं पाइपमधलं पाणी बाहेर येणार नाही याची काळजी वाहिली होती. आज बाहेरचं पाणी आत जातंय का, एवढा एकच विचार डोक्यात होता. कोरडी टोपी घट्ट असते. काल हौदात बुडवून बघितलं तेव्हा बुडबुडा आला नव्हता. पण ते पाच मिनिटांपुरतं. सिद्धू जाळं ओढायला वाकला की त्या अंगाचा पाइप पाण्याखाली जाणार, सरळ झाला की वर येणार. प्रत्येक वेळी घोटभर पाणी आत. असे शंभर वेळा तरी तो वाकत असेल. भरलेला पाइप होडीला सावरत नाही. तोच तिला खाली ओढतो. म्हणजे सिद्धू साध्या होडीतून गेला असता तर बरा होता, आणि ट्यूब कमरेला असती तर आणखी बरा. धनाजीनं त्याला मदत केली नव्हती. त्याला होतं ते काढून घेतलं होतं.

ओढ्याच्या वळणावर मेंढरं आडवी आली. दोन-अडीचशेचा कळप, पुढं घोडी, मागं दोन कुत्री. मेंढरांना हॉर्न वाजवणाऱ्या गाडीवाल्यांना धनाजी जन्मभर शिव्या देत आला होता. आज त्यानं हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. मेंढरं बिथरून दोन्ही अंगांना फाकली, कोकरं मधेच अडकली, आणि रस्ता मोकळा व्हायला दुप्पट वेळ लागला. म्हातारा मेंढका काठी टेकून त्याच्याकडं बघत होता.

“कुणाचा रं तू?” म्हाताऱ्यानं विचारलं. “मेंढरं कवा बघितली न्हाईस व्हय?”

धनाजी त्याच्याकडं न बघताच पुढं निघाला.

तलावाच्या काठावर हरणाबाई चूल पेटवून बसल्या होत्या. कालचे मासे पाटीत निवडून ठेवलेले. धनाजीनं गाडी स्टँडला न लावताच सोडून दिली; ती आडवी पडली.

“आवं, हळू,” हरणाबाई म्हणाल्या. “एवढी कालवणाची घाई?”

त्यानं तलावाकडं बघितलं. पिवळी होडी अर्ध्या मैलावर, अगदी मधोमध दिसत होती. दुसरी एकही नाव जवळपास नव्हती. सोसायटीचे बाकीचे लोक पार बांधाच्या भिंतीकडं होते. सिद्धू डाव्या अंगाला वाकून जाळं ओढत होता. डावा पाइप पाण्याला टेकला होता. उजवा वर उचललेला दिसायला हवा होता, आणि तो दिसत नव्हता. धनाजीनं डोळ्यांवर हात धरून पुन्हा बघितलं. उजव्या काठ्या सरळ पाण्यात गेल्या होत्या.

सिद्धू डावीकडं वाकलाय म्हणून अजून तोल आहे. जाळं संपलं, तो सरळ बसला, की सगळा भार उजवीकडं जाणार.

“सिद्ध्या!” तो ओरडला. वारा तलावावरून त्याच्या तोंडावर येत होता. त्याची हाक काठाच्याही पुढं गेली नसेल. तो गुडघाभर पाण्यात शिरला आणि दोन्ही हात हलवायला लागला. हलू नकोस, तसाच वाकून राहा, असं हातानं दाखवायला लागला.

लांबवर सिद्धूनं मान वर केली. त्याला काठावर आपला दोस्त हात हलवताना दिसला. काल होडी बांधून झाल्यावर सिद्धू म्हणाला होता, “उद्या हिच्यात उभा ऱ्हाऊन दावतो तुला.” धनाजीला ते आत्ता आठवलं. कारण सिद्धूनं जाळं बाजूला ठेवलं, होडीच्या दोन्ही कडा धरल्या आणि गुडघ्यावर आला. एक हात वर करून त्यानं हलवला. मग तो उभा राहायला लागला.

“आगं आई,” धनाजी पुटपुटला.

आणखी हात हलवावेत तर तो आणखी उठेल. ओरडावं तर ऐकू जात नाही. त्याला काहीच सुचेना, आणि मग काही न सुचताच तो मागं वळून गाडीकडं धावला. गोणपाट उपडं केलं. हॅक्सॉ, पाने, सोल्युशनचा डबा, सगळं मातीत पडलं. रिकामं गोणपाट त्यानं दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलं, पाण्याच्या कडेला आला, ते अंगावर ओढून घेतलं आणि मटकन खाली बसला.

चाळीस वर्षांपूर्वी ही दोघांची खूण होती. माळाच्या दोन टोकांना दोन कळप, मधे हाक न पोहोचण्याएवढं अंतर. लांडगा दिसला की घोंगडं डोक्यावर उंच धरायचं आणि त्याच्याखाली बसायचं. लांडगा आलाय, जागचा हलू नकोस. दुसऱ्याला कळलं की तो शीळ घालायचा. शीळ ऐकू येईतो घोंगडं काढायचं नाही, असा नियम होता, कारण अर्धवट खूण करून एकदा चार मेंढरं गेली होती.

गोणपाटाखाली अंधार होता आणि सोल्युशनचा उग्र वास होता. धनाजीला काही दिसत नव्हतं. सिद्धू बसला, का उभा आहे, का होडीच उलटली, काही कळत नव्हतं. काढून बघावं असं दहादा मनात आलं. काढलं आणि त्यानं नेमकं तेव्हाच बघितलं, तर खूण मोडणार. चाळीस वर्षांत ही खूण कोणी कोणाला केली नव्हती. त्याला आठवेल का?

“भावजी, काय करताय वं?” हरणाबाईंचा आवाज अगदी जवळ आला. “येड लागलंय का?”

“वैनी,” तो गोणपाटाच्या आतून म्हणाला, “त्यो बसलाय का बघा.”

“कशापायी?”

“पाइपची एक टोपी मी चिकटवली न्हाई. पाइप भरलाय. त्यो बसलाय का तेवढं सांगा मला.”

चुलीतलं लाकूड तडतडलेलं त्याला ऐकू आलं. हरणाबाईंनी हातातली परात खाली टाकली तोही आवाज आला. त्या पलीकडं काहीच नाही. किती वेळ गेला कोण जाणे.

मग वाऱ्यावरून शीळ आली. जिभेखाली बोट घालून मारलेली, लांब, शेवटी वर चढणारी. सिद्धूला पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळं ती जरा फाटली. पण ती तीच होती.

धनाजीनं गोणपाट काढलं. सिद्धू होडीत खाली बसला होता, डाव्या कडेला अंग रेलून. त्यानं उजवीकडं वळून पाण्यात गेलेल्या काठ्यांवर नजर टाकली. जाळं तिथंच सोडून दिलं, आणि एका अंगाला रेललेल्या अवस्थेत हळूहळू वल्हं मारायला लागला. एवढं अंतर यायला त्याला अर्धा तास लागला. हरणाबाईंनी पदर तोंडात धरला होता.

होडी चिखलाला लागली तसा सिद्धू उतरला. बायकोच्या तोंडाकडं त्यानं एकदा बघितलं आणि एकदा दोस्ताच्या.

“शेवाळ अडकलं हुतं काठीला,” तो म्हणाला. “काय न्हाई झालं.”

“शेवाळ न्हाई,” धनाजी म्हणाला. “टोपी मी कोरडी दाबली हुती.”

“आरं असूंदे की.”

“असूंदे कसं? तूच काढून बघ.”

सिद्धूनं वाकून उजव्या पाइपची मागची टोपी धरली. जरा पिळली तशी ती त्याच्या हातात आली, आणि पाइपमधून भसाभसा पाणी बाहेर पडलं, त्याच्या पायांवरून परत तलावात गेलं. तिघं ते संपेपर्यंत बघत उभी राहिली.

“चाळीस वर्सांनी लांडगा आला म्हणायचा,” सिद्धू हसून म्हणाला. “मी आपला बघतोय, पाण्यात कुठनं आला ह्यो?” दोन्ही हात मात्र त्यानं काखेत दाबून धरले होते.

हरणाबाई हसल्या नाहीत. त्या धनाजीच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

“टोपीचं जाऊंदे, भावजी. माणसाच्या हातनं ऱ्हातं. तुमचा फोन आला तवा अमृत हितंच हुता, त्याची नाव घिऊन. त्याला धाडला असता. फोनवर का न्हाई सांगितलं?”

अमृत म्हणजे शेजारचा, पोहणारा, सैन्यातून सुटून आलेला गडी. धनाजीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर त्याच्यापाशी होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. त्यानं मान खाली घातली. सिद्धू म्हणाला, “आगं जाऊंदे की आता,” पण त्याचं कोणी ऐकलं नाही.

कालवण झालं, तिघांनी खाल्लं. जेवताना हरणाबाईंनी धनाजीला दोनदा वाढलं. नंतर धनाजीनं पाइप उन्हात धरून आतून कोरडा केला, पॉलिश पेपरनं घासला, फडक्यानं पुसला आणि ब्रश बुडवून बुडवून चौथी टोपी चिकटवली, बाकीच्या तिन्हींच्या कडाही पुन्हा माखल्या.

“उद्या ह्या येळंपतूर पाणी लावू नगंस,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला. गाडीच्या मागं ट्रकची नवी ट्यूब होती, हवा भरलेली. ती बघून सिद्धू म्हणाला, “हे कशाला आणि? मी म्हणलं का काय तुला?”

“बांध कमरेला.”

“तुझ्या कामावर माझा इस्वास हाय, गड्या.”

“बांध म्हणतो न्हवं.”

सिद्धूनं ट्यूब घेतली, अंगात घातली आणि दोरी बांधायला लागला. तेवढ्यात हरणाबाई चुलीपाशी होत्या त्या उठल्या. पदर खोचला, चपला काढल्या आणि होडीपाशी गेल्या. त्यांनी डाव्या पाइपची पुढची टोपी दोन्ही हातांनी धरली आणि पिळून बघितली. मग मागची. मग पाण्यातून फिरून उजव्या अंगाला आल्या आणि तिसरी बघितली.

“आगं ए,” सिद्धू ओशाळून म्हणाला. “धनाजी उभा हाय की हितं.”

धनाजी हात मागं बांधून उभा होता. सव्वीस वर्षांत त्यानं हे कधी बघितलं नव्हतं. तरी त्यानं नजर काढली नाही. हरणाबाईंनी चौथ्या टोपीला हात घातला. सगळा जोर लावून पिळली. बांगड्या वाजल्या. टोपी जागची हलली नाही. त्यांनी हात सोडला आणि मागं सरल्या.

“वैनी,” धनाजी म्हणाला, “आजून एकदा बघा.”

हरणाबाईंनी त्याच्याकडं बघितलं. मग त्या पुन्हा पुढं झाल्या, पुन्हा वाकल्या आणि टोपी दोन्ही हातांनी धरली.